संगणकाची मांडणी व जोडणी : शेतकऱ्याच्या घरीं घ्यावयाची खबरदारी

शेतीचा धंदा जसा नांगर-बैलांचा तसाच तो कागदपत्रांचाही आहे, हें सूज्ञ खातेदारांस सांगावयास नको. सातबाराचा उतारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, पीककर्जाच्या पावत्या, ऊसाचीं बिलें, अडतीच्या पट्ट्या ह्या सर्वांचा पूर्वीं एक रुमाल बांधून तो कोनाड्यांत किंवा पेटाऱ्यांत ठेवीत. सांप्रत हाच व्यवहार संगणकावर आला आहे. डिजिटल सहीचा सातबारा सन २०१८ पासून घरबसल्या काढतां येतो. सन २०२२ च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाकरितां २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हां ज्या सोसायटींत आपलें खातें आहे तिचें दप्तर एका बाजूनें संगणकावर जात असतां आपला हिशेब मात्र दुसऱ्याच्या हातीं असावा, हें बरें नव्हे.

मोबाईलवर उतारा दिसतो, हें खरें. परंतु वर्षाचा जमाखर्च मांडणें, जुन्या दस्तऐवजांच्या प्रतिमा करून ठेवणें, अर्ज लिहून छापणें हीं कामें लहान पडद्यावर नीट होत नाहींत. ह्याकरितां टेबलावरचा संगणक घेणारे शेतकरी आतां गांवोगांव दिसतात. तीस-चाळीस हजारांचा ऐवज घरीं येतो, दुकानचा माणूस घाईनें तारा खोंचून निघून जातो, आणि पहिल्याच वळवाच्या पावसांत यंत्र बंद पडतें. मग घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, ही वस्तू आपल्या खेड्यांत टिकावयाची नाहीं. आम्हांस हें मत मान्य नाहीं. आमचें आयुष्य दप्तरें सांभाळण्यांत गेलें, व पुढें निरनिराळ्या गांवीं हीं यंत्रें मांडलेलीं आम्हीं पाहिलीं. त्यावरून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, तारा जोडण्याचें काम मुळींच अवघड नाहीं. यंत्राचा घात होतो तो सदोष विजेमुळें व चुकीच्या जागेमुळें. सबब आधीं जागा, मग वीज, आणि सर्वांच्या शेवटीं जोडणी, हा क्रम कोणीं मोडूं नये.

१. जागेची निवड

उष्णता, धूळ, ओल व उंदीर हे संगणकाचे चार शत्रू होत. संगणकाच्या मुख्य पेटींत पंखे असतात. ते बाहेरची थंड हवा आंत घेऊन आंतील ऊन हवा बाहेर टाकतात. म्हणून पेटी भिंतीस चिकटवूं नये. तिच्या मागें निदान वीतभर जागा मोकळी असावी. दार लावलेल्या कपाटांत ती कोंडूं नये व जमिनीवरही ठेवूं नये. सारवण, झाडलोट व पावसाळ्यांतील ओल ह्यांपासून ती हात-दीड हात उंच असलेली बरी.

धान्याच्या व खतांच्या कोठारांत संगणक कदापि मांडूं नये. युरियासारखीं खतें हवेंतील ओल ओढून घेतात आणि खतांतील क्षारांची धूळ धातूच्या जोडांवर बसली म्हणजे ते गंजूं लागतात. मळणीच्या दिवसांत भुसकट घरभर उडतें. त्या दिवसांत यंत्र बंद करून झांकून ठेवावें. चालू यंत्रावर मात्र कापड कधींही घालूं नये. उंदरांस तारांचें वेष्टण कुरतडण्याची खोड असते. ह्यास्तव तारा सैल लोंबत न ठेवतां एकत्र बांधून प्लॅस्टिकच्या पट्टींतून न्याव्या.

पडदा खिडकीच्या समोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवूं नये. खिडकी डाव्या अगर उजव्या हातास असावी. पडद्याची वरची कड बसणाराच्या डोळ्यांच्या रेषेंत व अंतर हातभर असलें म्हणजे मानेस व डोळ्यांस त्रास होत नाहीं.

२. वीज व जमिनीची तार

आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व ५० हर्ट्झची असते. संगणकाच्या आंतील नाजूक भागांस मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. हा बदल पेटींतील पॉवर सप्लाय नांवाचा डबा करतो. कांहीं जुन्या डब्यांवर ११५ व २३० असे आंकडे असलेलें लहानसें तांबडें बटण असतें. तें २३० वर आहे ना, हें वीज लावण्यापूर्वीं पाहावें; ११५ वर राहिल्यास डबा तत्काळ जळतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तीन पिनांच्या प्लगांतील वरची पिन इतर दोहोंपेक्षां जाड व लांब असते. ती जमिनीच्या तारेची, म्हणजे अर्थिंगची पिन होय. ती लांब ठेवण्याचा हेतु असा कीं, प्लग आंत जातांना जमिनीशीं जोड सर्वांच्या आधीं व्हावा आणि काढतांना तो सर्वांच्या मागून सुटावा. पुष्कळ जुन्या घरांत भिंतीवर तीन भोंकांचें सॉकेट दिसतें, परंतु वरच्या भोंकामागें तारच नसते. पॉवर सप्लायच्या आंत विजेची एक गाळणी असते. ती थोडीशी वीज सतत जमिनीकडे सोडीत असते. जमिनीची वाट नसली म्हणजे ती वीज पेटीच्या पत्र्यावरच राहते व हात लावणारास मुंग्या आल्यासारखें वाटतें. असें वाटल्यास तें यंत्राचें जात्याच लक्षण आहे असें समजून स्वस्थ बसूं नये. घरांत अर्थिंग नाहीं, ह्याची ती सूचना आहे.

अर्थिंगची परीक्षा परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून करून घ्यावी. फेज व न्यूट्रल ह्यांमध्यें सुमारें २३० व्होल्ट दाखविले पाहिजेत. फेज व अर्थ ह्यांमध्येंही जवळजवळ तितकेच. आणि न्यूट्रल व अर्थ ह्यांमध्यें फार तर दोन-चार व्होल्ट. हा शेवटचा आंकडा मोठा आला तर कोठें तरी दोष आहे असें समजावें. अर्थिंगचा खड्डा कोळसा व मीठ घालून केलेला असेल तर उन्हाळ्यांत त्यांत अधूनमधून पाणी घालीत जावें. कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाहीं.

ह्या बाबतींत दोन घातक तोडगे आढळतात. पहिला, दोन भोंकांच्या सॉकेटमध्यें बसावा म्हणून प्लगाची वरची पिन मोडून टाकणें. दुसरा त्याहून वाईट, म्हणजे सॉकेटच्या आंत न्यूट्रल व अर्थ हीं दोन टोकें तारेच्या तुकड्यानें एकमेकांस जोडून देणें. अशा जोडणींत बाहेरची न्यूट्रल तार तुटली कीं पेटीच्या पत्र्यावर पुरी वीज उतरते. मग यंत्राचीच नव्हे तर माणसाच्या जिवाची गोष्ट येते. हा तोडगा कोणीं सुचविल्यास त्याला साफ नकार द्यावा.

खेड्यांत आणखी एक भय असतें. रोहित्रापासून, ज्यास आपण डीपी म्हणतों तेथून, येणारी न्यूट्रल तार वाऱ्यापावसानें सैल झाली किंवा तुटली म्हणजे दोन फेजांमधील ४०० व्होल्टांच्या घरांतला दाब निरनिराळ्या घरांतील उपकरणांवर कमीअधिक वांटून पडतो. कोणाचे दिवे मंद होतात, तर कोणाचे एकदम प्रखर होऊन फुटतात. दिवे असे वेडेवांकडे होऊं लागतांच मुख्य बटण बंद करावें. मळ्यांतील वस्तीवर जेथें पंपाच्याच वाहिनीवरून घरांत वीज घेतलेली असते, तेथें मोटर सुरू होतांना दाब खालीं बसतो व बंद होतांना वर उसळतो. अशा ठिकाणीं संगणकाकरितां मीटरपासून स्वतंत्र तार ओढावी व व्होल्टेज स्टॅबिलायझर बसविल्यावांचून यंत्र चालवूं नये.

३. यूपीएस

यूपीएस ही बॅटरी बाळगणारी पेटी होय. वीज गेली असतां ती यंत्रास थोडा वेळ वीज पुरविते. घरगुती संगणकास ६०० व्हीएचा लहान यूपीएस सामान्यतः पुरतो. त्यांत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते आणि तिच्यावर संगणक व पडदा दहा-पंधरा मिनिटें चालतो. हा वेळ काम पुढें रेटण्यासाठीं नाहीं, तर चाललेलें लिखाण साठवून यंत्र रीतसर बंद करण्यासाठीं आहे. लिहीत असतां वीज एकाएकीं गेली म्हणजे हिशेबाची फाईल अर्धवट राहून बिघडूं शकते. ही हानि यंत्राच्या किंमतीहून अधिक असते.

नवीन यूपीएस प्रथम सहा ते आठ तास नुसता विजेस लावून ठेवावा, व मगच त्यावर संगणक जोडावा. कांहीं यूपीएस विकतांना बॅटरीची एक तार मुद्दाम सुटी ठेवलेली असते. सोबतचें पत्रक वाचून ती प्रथम जोडून घ्यावी. दोन-तीन वर्षांनीं बॅटरीची शक्ति कमी होते. वीज जातांच संगणक लगेच बंद पडूं लागला तर यूपीएस फेंकून न देतां आंतील बॅटरी तेवढी बदलावी.

लेसर प्रिंटर यूपीएसवर कधींही लावूं नये. त्यांत शाईची पूड कागदावर भाजून बसविण्यासाठीं तापणारा रूळ असतो व तो तापतांना इतकी वीज ओढतो कीं लहान यूपीएस त्याखालीं दबून जातो. प्रिंटर भिंतीवरील दुसऱ्या सॉकेटमध्यें लावावा. तसेंच संगणकाच्या बोर्डावर इस्त्री, मिक्सर किंवा पाण्याची लहान मोटर जोडूं नये, व एका वाढीव बोर्डास दुसरा वाढीव बोर्ड लावूं नये.

खर्चाविषयीं लोकांस विनाकारण धास्ती असते. साधा संगणक व पडदा मिळून सुमारें १०० ते १५० वॅट वीज घेतात. म्हणजे दहा तास काम केल्यास एक ते दीड युनिट.

४. जोडणी

येथपर्यंत तयारी झाली म्हणजे जोडणी अर्ध्या तासाचें काम आहे. भिंतीवरील बटण बंद ठेवूनच ती करावी. पेटीच्या पाठीमागें अनेक खांचा दिसतात व नवखा माणूस त्या पाहून गोंधळतो. परंतु बहुतेक खांचांचा आकार निरनिराळा असतो, व एकीची तार दुसरींत सहसा जात नाहीं. ह्यावरून एकच नियम ध्यानांत ठेवावा : जेथें बळ लावावें लागतें तेथें कांहीं तरी चुकलें आहे. थांबावें, तारेचें तोंड व खांच शेजारी धरून पाहावीं, व मग हलक्या हातानें बसवावें.

पडद्याची तार दोन प्रकारची आढळते. जुनी व्हीजीए, बहुधा निळ्या तोंडाची. हिच्यांत तीन ओळींत पंधरा भोंकांची जागा असून दोन्ही बाजूंस स्क्रू असतात. ते बोटांनींच आवळावे, पकडीनें नव्हे. दुसरी एचडीएमआय, चपटी व खालच्या बाजूस निमुळती. हिला स्क्रू नसतात. पेटींत वेगळें ग्राफिक्स कार्ड बसविलेलें असेल तर पडद्याच्या दोन खांचा दिसतात, एक वर व एक खालीं आडवी. अशा वेळीं तार कार्डाच्या खांचेंत लावावी. चुकीच्या खांचेंत लावल्यामुळें पडदा काळा राहतो व यंत्र बिघडलेलें आलें म्हणून दुकानदाराशीं उगीच भांडण होतें.

कळफलक व माउस हल्लीं यूएसबी तारेनें जोडतात. यूएसबीचें चपटें तोंड एका बाजूनें न गेल्यास उलटें करून पाहावें. ज्या यूएसबी खांचेच्या आंतील जीभ निळी असते ती बहुधा अधिक वेगाची असते. ती बाहेरील साठवण-पेटीकरितां राखावी व कळफलक-माउस काळ्या खांचेंत लावावे. जुन्या यंत्रांत दोन वाटोळ्या खांचा असतात, जांभळी कळफलकाची व हिरवी माउसची. ह्या वाटोळ्या जोडण्या यंत्र चालू असतां काढूं अगर घालूं नयेत. बिनतारी कळफलक-माउस घेतला असेल तर त्याचा नखाएवढा ग्राहक बहुधा माउसच्या बॅटरीच्या खणांत दडविलेला असतो. खोकें टाकून देण्यापूर्वीं तो शोधावा.

आवाजाच्या तीन बारीक भोंकांपैकीं हिरवें स्पीकरचें, गुलाबी मायक्रोफोनचें व निळें बाहेरून येणाऱ्या आवाजाचें होय. इंटरनेटच्या तारेचें तोंड पारदर्शक असून त्यांत आठ बारीक तारा असतात. तें टक् असा आवाज होऊन बसलें म्हणजे बरोबर बसलें. पुष्कळ साध्या संगणकांत वायफाय नसतें. मोबाईलवरून किंवा राऊटरवरून बिनतारी इंटरनेट घ्यावयाचें असल्यास यूएसबींत बसणारा लहान वायफाय ग्राहक निराळा घ्यावा लागतो. ही गोष्ट खरेदीच्या वेळींच विचारावी.

५. प्रथम सुरू करतांना

प्रथम भिंतीचें बटण, मग यूपीएस, मग पडदा, आणि शेवटीं मुख्य पेटी, असा क्रम ठेवावा. बंद करतांना उलट, परंतु पेटी बटण दाबून न विझवितां पडद्यावरील आज्ञेनेंच बंद करावी.

पडद्यावर कांहींच न उमटल्यास घाबरूं नये. पडद्याच्या तारेचीं दोन्ही टोकें पुनः दाबून पाहावीं. त्यानेंही काम न झालें व पेटींतून शिटीसारखा आवाज येत असला तर बहुधा वाहतुकींतील हिसक्यांनीं आंतील स्मृति-पट्टी, म्हणजे रॅम, सैल झालेली असते. वीज काढून ती माहितगार माणसाकडून पुनः बसवून घ्यावी. हा दोष फुकट दुरुस्त होणारा आहे. त्याकरितां नवीन भाग विकत घेऊं नये.

कांहीं वर्षांनीं संगणक सुरू होतांच तारीख मागील सालची दाखवूं लागतो व सरकारी संकेतस्थळें उघडण्यास नकार देतो. हा इंटरनेटचा दोष नसून आंतील नाण्याएवढ्या ३ व्होल्टांच्या सेलचा असतो. तो बाजारांत सीआर २०३२ ह्या क्रमांकानें अल्प किंमतींत मिळतो.

जुना संगणक स्वस्तांत मिळतो म्हणून घेणारांनीं हेंही पाहावें कीं, विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाहीं त्यावर बँकेचे व्यवहार करण्यापूर्वीं जाणत्याचा सल्ला घ्यावा. मराठी लिहिण्याकरितां इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यांत डाव्या हाताखालीं स्वर व उजव्या हाताखालीं बहुतेक व्यंजनें असतात, व युनिकोडमध्यें लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला असतां अक्षरांचा गोंधळ होत नाहीं.

६. छापयंत्र व स्कॅनर

प्रिंटर घेतांना आपलें काम किती, हें पाहावें. शाईच्या प्रिंटरनें आठवड्यांतून एखादें तरी पान न छापल्यास शाई तोंडाशीं सुकून बसते. ज्या घरीं महिन्या-दोन महिन्यांत चार उतारे छापावयाचे, त्यांनीं पुडीवर चालणारा लेसर घ्यावा. पूड सुकत नाहीं. प्रिंटरची यूएसबी तार जोडण्यापूर्वीं सोबतचें पत्रक वाचावें. कित्येक प्रिंटरांत आधीं त्यांचें सॉफ्टवेअर यंत्रावर घालून मग तार लावावी लागते. कागदही ओला किंवा चुरगळलेला चालत नाहीं; पावसाळ्यांत रीम प्लॅस्टिकमध्यें गुंडाळून ठेवावें.

स्कॅनरनें जुन्या खरेदीखतांच्या, वांटणीपत्रांच्या व फेरफारांच्या प्रतिमा घ्याव्या. ३०० डीपीआय इतकी बारकाई साध्या दस्तास पुरते. मात्र प्रतिमा झाली म्हणून मूळ कागद टाकून देऊं नये. पुराव्यास मूळ दस्ताची जी किंमत आहे ती घरच्या प्रतिमेस नाहीं. प्रतिमेचा उपयोग एवढाच कीं, मूळ कागद गहाळ झाला तर दस्त क्रमांक व तारीख हातीं राहते व नोंदणी कचेरींतून नक्कल मागतां येते.

७. दुसरी प्रत व वळवाचा पाऊस

संगणकांत ठेवलेलें दप्तर एका प्रतींत असेल तर तें सुरक्षित आहे असें मानूं नये. महिन्यांतून एकदां तें सर्व बाहेरील साठवण-पेटीवर किंवा पेनड्राईव्हवर उतरवून ती वस्तू यंत्रापासून काढून निराळ्या ठिकाणीं, शक्य तर भावाच्या किंवा विश्वासू आप्ताच्या घरीं ठेवावी. यंत्रास सदैव जोडून ठेवलेली दुसरी प्रत वीज पडली असतां पहिलीबरोबरच जाते.

चैत्र-वैशाखांत आभाळ भरून आलें व गडगडाट ऐकूं आला कीं भिंतीवरील नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. प्लग ओढून काढावा, आणि बाहेरून इंटरनेटची तांब्याची तार आली असेल तर तीही सोडावी. पुष्कळ वेळां वीज त्या वाटेनें घरांत शिरते. मात्र हें काम गडगडाट दूर असतांनाच करावें. डोक्यावर विजा होत असतां तारांस हात लावूं नये.

ह्या लेखांत सांगितलेलीं कामें कोणाही समंजस शेतकऱ्यास करतां येण्यासारखीं आहेत. जो मनुष्य पाणबुडी मोटरचा स्टार्टर ओळखतो, ठिबकच्या नळ्या जोडतो, त्यानें संगणकापुढें बिचकण्याचें कारण नाहीं. एवढेंच कीं, जूं खांद्यावर नीट बसल्याशिवाय जसे आपण बैल हांकीत नाहीं, तसें जमिनीची तार पाहिल्याशिवाय यंत्रास वीज लावूं नये. ज्यांस यंदा संगणक घ्यावयाचा असेल त्यांनीं दुकानांत जाण्याच्या आधीं वायरमन घरीं बोलवावा, वर दिलेले तीन आंकडे मीटरवर आपल्यासमोर मोजून घ्यावे व ते वहींत तारखेनिशीं लिहून ठेवावे. आंकडे बरोबर येईपर्यंत खरेदी लांबणीवर टाकली तरी चालेल. वायरमनची मजुरी व अर्थिंगची तार ह्यांचा खर्च संगणकाच्या किंमतीपुढें थोडा आहे, आणि त्यावर यंत्राबरोबर आपल्या घरच्या माणसांचाही जीव अवलंबून आहे.